उपाशी यीस्टच्या पोटातले कण

काशीमीरा नाक्यावरच्या गाडीवर वड्याभोवती जो पाव येतो, तो फुगवणारे सॅकरोमायसिस सेरेविसी हे यीस्ट प्रयोगशाळेतही तितकेच राबते. पेशी स्वतःचाच जुना माल मोडून पुन्हा कसा वापरते, हे याच यीस्टमुळे उलगडले. श्रेय सहसा त्याच्या साधेपणाला दिले जाते: एकच पेशी, खर्च नगण्य, दीड-दोन तासांत संख्या दुप्पट. मला हे कारण अपुरे वाटते. जिवाणू त्याहून साधे, पण त्यांच्याकडे ही यंत्रणाच नाही. यीस्ट कामी आले ते दोन गुणांमुळे: साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसणारी मोठी रिक्तिका, आणि उपास घडला की तिच्यात होणारी उलथापालथ. क्रिस्तियान द दूव यांनी १९६३ मध्ये पेशीने स्वतःचाच माल पचवण्याच्या या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले, तरी पुढची तीस वर्षे तिची जनुके कोणाच्या हाती लागली नव्हती. अडचण अशी की रिक्तिकेत आलेला माल लगेच पचतो. पाहायला काही उरतच नाही. टोकियोत योशिनोरी ओसुमी यांनी पचवणारी विकरेच नसलेले यीस्ट घेतले आणि त्याचा नायट्रोजन तोडला. काही तासांत रिक्तिका गोल, थरथरणाऱ्या कणांनी भरली. गोदामाची भट्टी विझवल्यावर दाराशी भंगार साचावे, तसे. १९९३ मध्ये त्यांनी आणि मिकी त्सुकादा यांनी या कामात बिघडलेली उत्परिवर्ती वाणे वेगळी केली. त्यांतून पंधरा जनुके पुढे आली. खाणे भरपूर असेल तर ही वाणे मजेत वाढतात आणि उपासात मरतात. (बिघाड असूनही ती जगतात म्हणून तर ती जपून ठेवता आली!) ओसुमींना २०१६ चे नोबेल मिळाले.

यीस्टला ना मेंदू ना यकृत, मग माणसाच्या रोगांबद्दल ते काय सांगणार, हा आक्षेप पोकळ नाही. तंतुकणिका किंवा प्रथिनांच्या गाठी साचून चेतापेशी मरतात कशा, हे यीस्टमध्ये दिसणारच नाही. निवडक प्रथिने एकेक करून थेट लयकारिकेत (पेशीच्या पचनाच्या कप्प्यात) ओढून नेण्याची सस्तन प्राण्यांतली एक वाटही त्याच्याकडे नाही. पण आक्षेप इथेच थांबतो. यीस्टमध्ये सापडलेल्या ‘एटीजी५’ जनुकाचा जोडीदार उंदरातून काढून टाकला, तेव्हा पिल्ले वरवर धडधाकट जन्मली आणि दिवसभरात दगावली. नाळ तुटल्यापासून दूध मिळेपर्यंतचा उपास त्यांना झेपला नाही. हेच जनुक फक्त चेतापेशींतून काढले, तर उंदरांच्या हालचाली बिघडल्या आणि पेशींत प्रथिनांचे गोळे साठले. हा दुसरा प्रयोग यीस्टमध्ये करता आला नसता हे खरे. पण कोणते जनुक काढायचे, हे यीस्टनेच आधी सांगितले होते.