सांचीचा महास्तूप आणि विदिशा परिसर : अभ्यासदौऱ्याच्या दृष्टीने काही विचार

महाविद्यालयीन अभ्यासदौऱ्यांच्या वेळापत्रकात सांचीच्या वाट्याला बहुधा दोन तास येतात. भोपाळहून सुमारे ४६ किलोमीटरचा प्रवास, महास्तूपाची एक प्रदक्षिणा, तोरणापाशी सामूहिक छायाचित्र आणि परतीची घाई. २०१७ पासून दोनशे रुपयांच्या नोटेवर हा स्तूप विराजमान असल्याने तो पाहिलेलाच आहे, अशीही एक समजूत असते. प्रस्तुत लेखकानेही पहिल्या भेटीत याहून निराळे काही केले नव्हते. सांची ही एकटी उभी असलेली वास्तू नसून एका समृद्ध नगराच्या परिसराचा भाग आहे आणि तो परिसर वगळला तर स्तूपाचा अर्थ निम्म्याहून अधिक हरवतो, ही गोष्ट पुढील भेटींत ध्यानात आली. तिचेच विवेचन येथे करावयाचे आहे.

ते नगर म्हणजे प्राचीन विदिशा, आजचे बेसनगर. बेतवा आणि बेस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या नगरावरून उज्जयिनीकडे जाणारा व्यापारी मार्ग जात असे. सम्राट अशोकाची पत्नी देवी ही येथील श्रेष्ठीची कन्या होती, असे सिंहली परंपरा सांगते. सांचीची टेकडी येथून अवघ्या नऊ-दहा किलोमीटरवर आहे. भिक्षूंना एकान्त लाभावा आणि भिक्षेसाठी नगरही दूर नसावे, असे हे अंतर आहे.

अशोककालीन मूळ स्तूप विटांचा होता. इ. स. पू. दुसऱ्या शतकात त्यावर दगडी आवरण चढून त्याचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. आज त्याचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. हे वाढीव बांधकाम कोणाच्या द्रव्यातून झाले? पाठ्यपुस्तके शुंग व सातवाहन या राजवंशांची नावे देऊन मोकळी होतात. दगड मात्र वेगळेच सांगतात. येथील वेदिका, फरसबंदी व तोरणे यांवर सहाशेहून अधिक दानलेख कोरलेले आहेत आणि त्यांत राजांपेक्षा सामान्यांची गर्दी फार मोठी आहे. भिक्षू, भिक्षुणी, श्रेष्ठी, गृहिणी, कारागीर, सुबाहित नावाचा एक राजलिपिकर, काही ठिकाणी सबंध गावे. कोणी एक स्तंभ दिला, कोणी एक आडवी सूची. उज्जयिनीहून आलेल्या दात्यांची संख्या लक्षणीय आहे. स्त्रियांची नावे इतक्या वेळा येतात की, प्राचीन काळी स्त्रीच्या हाती धन नव्हते, हे सरसकट विधान वर्गात करताना आपण थोडे थांबावे.

दक्षिण तोरणाजवळ विशेष वेळ द्यावा. विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी येथील शिल्पकाम केल्याचा लेख या तोरणावर आहे. हस्तिदंतावर सरावलेला हात दगडाकडे वळला, हे एकदा कळले की त्या नक्षीतील बारकावा वेगळ्याच नजरेने पाहिला जातो. याच तोरणाच्या वरच्या तुळईवर राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचे दान नोंदविलेले आहे. हा सातकर्णी नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि प्रतिष्ठान व नाणेघाट शिकविणाऱ्या मराठी अध्यापकाला येथे आपला धागा सापडतो.

याच लहान लेखांनी ब्राह्मी लिपीचे कोडे सुटण्यास मोठा हातभार लावला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपपुढे सांचीच्या लेखांचे ठसे आले, तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे असल्याचे त्याच्या लक्षात आले. हे दानाचे लेख असावेत असा तर्क करून त्याने ती ‘दानं’ अशी वाचली.

आता परिसराकडे वळू. सतधारा, सोनारी, अंधेर आणि भोजपूर येथील स्तूपसमूह सांचीपासून वीसेक किलोमीटरच्या आत आहेत. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेझी यांनी त्यांचे उत्खनन केले. आजच्या निकषांवर ती पद्धत घाईचीच म्हणावी लागेल. सारिपुत्र व मौद्गल्यायन यांच्या नावांच्या अस्थिमंजूषा सांचीच्या तिसऱ्या स्तूपात मिळाल्या, तशाच सतधारा येथेही मिळाल्या. या दोन शिष्यांच्या अस्थी पुढे इंग्लंडला गेल्या, स्वातंत्र्याच्या सुमारास परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. अलीकडच्या दशकांत ज्युलिया शॉ यांनी केलेल्या सर्वेक्षणात या टेकड्यांच्या पायथ्याशी अनेक प्राचीन बंधारे नोंदविले गेले. विहारांचा विस्तार आणि सिंचनाखालील शेती यांचा परस्परसंबंध असावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भूगोल व अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही या दौऱ्यात सामील करून घ्यावे, ते यासाठीच.

बेसनगरचा हेलिओडोरसचा स्तंभ ‘खांबबाबा’ म्हणून गावकऱ्यांत पूज्य होता. तक्षशिलेहून आलेल्या या यवन दूताने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवासाठी हा गरुडध्वज उभारला. उदयगिरीच्या लेण्यांत भव्य वराहमूर्ती आहे, तसाच दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातील गुप्त संवत ८२, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा लेखही आहे. बौद्ध, भागवत आणि जैन अवशेष एवढ्या जवळजवळ नांदताना पाहिले की, धर्मवार कप्पे पाडून शिकविण्याची आपली सवय अपुरी वाटू लागते.

म्हणून दौऱ्याचा क्रम उलटा ठेवावा, अशी सूचना आहे. सकाळी बेसनगर, मग उदयगिरी आणि दुपारनंतर सांची. दाते ज्या दिशेने आले त्याच दिशेने टेकडी चढावी. वर पोहोचल्यावर व्याख्यान न देता विद्यार्थ्यांच्या हाती ब्राह्मी वर्णमालेचा एक कागद द्यावा आणि वेदिकेला हात न लावता तिच्यावरील ‘दानं’ ही दोन अक्षरे शोधावयास सांगावे.