नवे यकृत आणि रोजची गोळी



यकृत-प्रत्यारोपणावर बोलावे, अशी सूचना आली तेव्हा मी एक अट घातली. शस्त्रक्रियेविषयी मी थोडेच सांगेन. ते सर्जनचे क्षेत्र. रुग्ण घरी परतल्यानंतरची वर्षे मात्र आम्हा परिचारिकांना अधिक ठाऊक असतात.

हिब्रूत यकृताला ‘कावेद’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ ‘जड’ असाही होतो. नाव सार्थ आहे. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हा शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव होय. मूत्रपिंडे निकामी झाली तर डायालिसिसवर माणूस वर्षानुवर्षे जगतो. यकृताला तसा आधार देणारे यंत्र नाही. त्याला वाढीचे मात्र अद्भुत वरदान आहे. जिवंत दात्याने आपले निम्म्याहून अधिक यकृत दिले, तरी काही महिन्यांत ते बहुतांशी पूर्ववत भरून येते.

१९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण केले. ते पहिले रुग्ण वाचले नाहीत. १९६७ पासून काहींना वर्षाहून अधिक आयुष्य लाभले. परंतु खरा पालट झाला तो १९८० नंतरच्या दशकात, सायक्लोस्पोरिन हे औषध आले तेव्हा. त्यापाठोपाठ टॅक्रोलिमस आले, आणि आज बहुतेक रुग्ण तेच घेतात. शरीर नव्या यकृताला परका समजून त्यावर हल्ला करते. ही औषधे तो हल्ला थोपवून धरतात.

या हल्ल्याचा आवाज होत नाही. माझ्या देखरेखीखालील एका गृहस्थांचे प्रत्यारोपण होऊन चौदा महिने झाले होते. प्रकृती उत्तम, भूक चांगली. गोळ्यांमुळे हात थरथरत, चहाचा पेला धरवत नसे, म्हणून त्यांनी संध्याकाळची गोळी कोणालाही न सांगता बंद केली. दुखले नाही, ताप आला नाही, डोळे पिवळे झाले नाहीत. नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स कितीतरी पट वाढलेली आढळली. रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड देऊन यकृत वाचवावे लागले. थरथर डॉक्टरांच्या कानावर घातली असती, तर मात्रा बदलता आली असती.

टॅक्रोलिमसच्या साध्या गोळ्या बारा-बारा तासांनी घेतात. रक्तातील तिचे प्रमाण मोजायचे असेल त्या सकाळी गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी. आधी घेतली तर प्रमाण खोटेच जास्त दिसते, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि यकृत उघडे पडते. एखादी गोळी चुकली तर मनाने दुप्पट घेऊ नये. क्लिनिकला फोन करावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. या देशात हिवाळ्यात घरोघरी पपनस सोलले जाते. ते आणि ग्रेपफ्रूट, दोन्ही या रुग्णांना वर्ज्य. त्यांतील द्रव्य आतड्यातील औषध मोडणारे एन्झाइम बंद पाडते आणि गोळीचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाते. हा परिणाम दिवसभराहूनही अधिक टिकतो. म्हणून ‘गोळी सकाळी, फळ दुपारी’ ही युक्ती चालत नाही. अंगदुखीवर आयबुप्रोफेनही विचारल्याशिवाय घेऊ नये; टॅक्रोलिमससोबत ते मूत्रपिंडांना घातक ठरते.

मुंबईहून येणारे नातलग प्रेमाने गुळवेलीचा काढा आणतात. प्रतिकारशक्ती वाढावी, हा त्यांचा हेतू. आणि आपण तर तीच शक्ती गोळ्यांनी आवरून धरलेली! करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी केली आहे. काढा आदराने स्वीकारावा आणि कपाटात ठेवावा.

मलिदा चालेल का, हे मला हमखास विचारले जाते. चालेल. पहिल्या काही महिन्यांत फळे नीट धुऊन त्याच वेळी चिरलेली असावीत, आणि रुग्णाचा वाटा सर्वांचे हात लागण्यापूर्वी वेगळा काढावा. ३८ अंशांचा ताप मात्र घरी अंगावर काढू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहिला उपवास. योम किप्पूर, आपल्या जुन्या माणसांचा दारफाळणीचा सण, पंचवीस तासांचा. त्यात गोळीच्या निदान दोन वेळा येतात. शिवाय पाणी तुटले की टॅक्रोलिमसने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. जीव वाचवणे, म्हणजे पिकुआख नेफेश, आपल्या धर्मात उपवासाहून वरचे आहे. तरीही मी पाहिले आहे की वयस्क मंडळी लाजेपोटी काही बोलत नाहीत आणि गपचूप गोळी टाळतात. म्हणून एलुल महिना लागताच डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे, ते घेऊन रब्बींना भेटावे, आणि घरच्यांनी सोबत जावे. त्या दिवशी सिनॅगॉगमध्ये कोणी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेताना दिसले, तर शेजाऱ्याने कारण विचारू नये.