ऋण फिटल्याचा ताम्रपट

ताम्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजा उभा राहतो. कोणा शिलाहाराने वा राष्ट्रकूटाने अमुक गाव दान दिले, त्याच्या चतुःसीमा अशा, आणि हे दान जो हिरावून घेईल तो नरकात जाईल, असा त्यातला ठरीव मजकूर. आज आम्ही ज्या ताम्रपटाविषयी सांगणार आहोत त्यात दानही नाही आणि चतुःसीमाही नाहीत. एका कुटुंबाचे कर्ज फिटल्याची ती पावती आहे, आणि ती मिळाली फिलिपीन बेटांत.

मनिलाजवळ लगूना द बाय नावाचे मोठे सरोवर आहे. त्याला मिळणाऱ्या लुंबांग नदीच्या मुखाशी वाळू उपसताना १९८९ साली एका मजुराला काळवंडलेला तांब्याचा पत्रा सापडला. तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून अखेर तेथील राष्ट्रीय संग्रहालयात आला. पत्रा हातभरही लांब नाही. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, आणि त्यावर दहा ओळी. तोवर या बेटांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १५२१ सालच्या मॅगेलनच्या आगमनापासून धरीत.

प्रथम संशय घेतला गेला, आणि तो रास्तच होता. कालांत्याव नावाच्या राजाची १४३३ सालची म्हणून एक दंडसंहिता तिकडे मुलांना शिकवीत असत. ती विसाव्या शतकातील बनावट असल्याचे विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण मिंदोरो बेटावर मांग्यान लोकांत राहिलेले डच अभ्यासक अंतून पोस्टमा यांनी हा लेख वाचला व १९९२ साली प्रसिद्ध केला. लिपी जावा बेटातील कवी, भाषा मुख्यतः जुनी मलय.

आरंभीचे शब्द मात्र आपल्यापैकी कोणालाही कळतील. स्वस्ति. शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. ९००, एप्रिलची २१ तारीख. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूट दुसरा कृष्ण राज्य करीत होता, आणि त्याच्या दरबारातही काल याच शकाने मोजला जाई.

पुढे हकीकत अशी : नामवरान नावाच्या गृहस्थावर १ काटी ८ सुवर्ण इतके देणे होते. वजनाने हे सोने सुमारे ९२६ ग्रॅम, जुन्या मापाने ऐंशीएक तोळे भरते. त्याची मुले, अंगकातान नावाची प्रतिष्ठित स्त्री आणि तिचे भावंड बुका, यांना तुंडुनच्या सेनापतीकडून ऋणमुक्तीचा लेख मिळाला. पैला, पुलिरान, बिनवांगान येथील प्रमुखांची नावे त्यात आली आहेत. तुंडुन म्हणजे आजच्या मनिलातील तोंडो, असे सामान्यतः मानतात. ऋण घराण्याच्या मानेवरून उतरले, ही गोष्ट तांब्यावर लिहून ठेवावी इतकी मोठी होती. बापाचे कर्ज मुलांच्या माथी येणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगावयास नको.

येथे एक मोह होतो. सेनापती, नायक, जयदेव असे शब्द पाहिले की हे आपलेच लोक, असे म्हणावेसे वाटते. १९२६ साली कलकत्त्यास ग्रेटर इंडिया सोसायटी निघाली तेव्हापासून 'बृहत्तर भारता'ची ही भाषा आपल्या कानांना गोड लागत आली आहे. आम्हांस ती पटत नाही. ताम्रपटच पाहा. ऋणमुक्तीच्या लेखाला त्यात 'विशुद्धपत्र' म्हटले आहे. ऋण फेडल्यावर जुना लेख फाडावा किंवा शुद्धीसाठी दुसरा करून घ्यावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. तेव्हा कागदाचे नाव आपल्या बाजूचे खरेच. पण ज्यासाठी तो कागद झाला त्या कर्जाला शब्द आहे 'हुतांग', आणि तो संस्कृत नव्हे. मलय भाषेत तो आजही आहे, आणि तागालोग भाषेत मनिलाचा दुकानदार आजही उधारीला 'उतांग' म्हणतो. देणेघेणे त्यांचे होते, माणसे त्यांची होती. व्यापाराच्या वाटेने, बहुधा जावा-सुमात्राकडून, आलेली लिहिण्याची रीत त्यांनी आपल्या सोयीने उचलली. आपणही कागद, दस्तऐवज, वसूल हे शब्द असेच घेतले, म्हणून काही आपण इराणी झालो नाही.

शेवटची ओळ पुढील काळाविषयी आहे. हे ऋण फिटलेले नाही असे पुढेमागे कोणी म्हणाले तर, एवढे लिहून मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो. पुढचा भाग दुसऱ्या पत्र्यावर असावा असा तर्क आहे. तो पत्रा अद्याप सापडलेला नाही.