विश्लेषण : ग्रॅव्हल सायकलला हलकी चाके घ्यावीत का? जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवरचे गणित

जळगावहून धुळ्याकडे निघालेली सायकल एरंडोल किंवा पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावरून खाली उतरवली, की थोड्याच अंतरात डांबर संपते. पुढे मुरमाचा शेतरस्ता, पाटचारीच्या कडेची वाट, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि बांधावरच्या बाभळी. हा रस्ता रोड बाइकला झेपत नाही आणि माउंटन बाइकची त्यावर गरज नसते. ग्रॅव्हल बाइक आहे ती नेमकी अशा रस्त्यांसाठी.

सायकल घेऊन वर्षभर झाले की बहुतेकांच्या मनात पुढचा प्रश्न येतो. सायकलसोबत आलेली जड चाके काढून हलकी घ्यावीत का? कार्बनच्या चाकांची जोडी साधारण अर्ध्या लाखाच्या आसपास सुरू होते आणि लाखाच्या पुढेही जाते. एवढ्या पैशांत नेमके काय मिळते? आणि खान्देशातल्या रस्त्यांवर त्याचा किती उपयोग?

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय?

रोड बाइकसारखे वळवलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर बसतील एवढी मोकळी फ्रेम, अशी ही सायकल असते. हा प्रकार अमेरिकेत रुजला. कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली सुरू झालेली २०० मैलांची शर्यत आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. तिथली गारगोटी टायर कापण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत घेतली.

फ्लिंट हिल्समध्ये गारगोटी, तर आपल्याकडे काटे. चाकांची निवड करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

‘हलके’ म्हणजे किती हलके?

नव्या ग्रॅव्हल सायकलसोबत येणारी अ‍ॅल्युमिनियमची जोडी साधारण १,९०० ते २,२०० ग्रॅमची असते. चांगल्या प्रतीची अ‍ॅल्युमिनियम जोडी १,६०० ते १,७५० ग्रॅममध्ये मिळते. कार्बनची जोडी १,३०० ते १,५०० ग्रॅमपर्यंत खाली येते. म्हणजे प्रत्यक्षात वाचतात ते अर्धा किलोच्या आसपास.

इथे एक मेख आहे. कंपनीने छापलेल्या वजनात सहसा डिस्क रोटर, रिम टेप, व्हॉल्व्ह, कॅसेट आणि अ‍ॅक्सल धरलेले नसतात. १६० मिमीचा एक रोटरच शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. त्यामुळे जुनी आणि नवी जोडी एकाच स्थितीत, एकाच वजनकाट्यावर ठेवून तुलना करावी. सामान मोजायचा हुकचा डिजिटल काटाही त्यासाठी पुरतो.

अर्धा किलो कमी झाल्याने किती फरक पडतो?

‘फिरणारे वजन दुप्पट मोजावे लागते’ असे सायकलस्वार म्हणतात. ते अर्धे खरे आहे. रिम आणि टायर पुढे सरकतात आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतातही. त्यामुळे वेग वाढवताना रिमवरच्या प्रत्येक ग्रॅमला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. पण हे फक्त वेग वाढवतानाच. एकसमान वेगात ही दुप्पट मोजणी संपते.

आता आकडे पाहू. स्वार ७० किलो, सायकल ११ किलो, पाणी आणि सामान ४ किलो, असे एकूण ८५ किलो धरू. शून्यापासून ताशी २५ किमी वेग गाठायला सुमारे २,०५० जूल ऊर्जा लागते. रिमवरचे अर्धा किलो कमी केले तर त्यातले सुमारे २४ जूल वाचतात. २०० वॅटची ताकद लावणाऱ्या स्वारासाठी हा एका सेकंदाच्या आठव्या भागाचा प्रश्न आहे.

चढावर काय होते? चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटासारखा चढ घेऊ. हिशेबासाठी ८ किमी अंतर आणि सरासरी ५ टक्के चढ धरला, तर आपल्या स्वाराला २०० वॅटवर साधारण ३५ मिनिटे लागतील. अर्धा किलो कमी केल्यावर वाचतात जेमतेम ११ सेकंद.

सपाटीवर तर फरक जवळपास दिसतच नाही. ताशी २२ किमी वेगाला अर्ध्या किलोमुळे पाव वॅट वाचतो.

हलक्या चाकाने फुकटची ऊर्जा मिळेल, ही कल्पना जुनीच आहे. पाटणादेवीच्या शिलालेखामुळे ज्यांचे नाव खान्देशाशी जोडले गेले, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हलक्या लाकडाच्या, पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या आणि आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार असे चाक चालत नाही. फिरते त्याला ऊर्जा द्यावीच लागते. प्रश्न उरतो तो ऊर्जा कुठे वाया जाते, याचा.

मग ऊर्जा कुठे वाया जाते?

कच्च्या रस्त्यावर ती मोठ्या प्रमाणात टायरमध्ये जाते. टायर जमिनीवर दबतो, पुन्हा फुलतो आणि त्यात ऊर्जा खर्च होते. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. चांगल्या, लवचीक टायरमुळे हा गुणांक ०.००८ वरून ०.००६ वर आला, तर त्याच ८५ किलोला ताशी २२ किमी वेगाने सुमारे १० वॅट वाचतात. अर्धा किलो वजन कमी करून वाचला होता पाव वॅट. म्हणजे चाळीस पट फरक.

टायरमधली हवाही तितकीच महत्त्वाची. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर वेगवान वाटतो, पण प्रत्येक खड्ड्यात सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात आणि ऊर्जा वाया जाते. ७० किलोच्या स्वाराला ४० मिमी टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय पुरते.

इथे उन्हाचाही हिशेब आहे. पहाटे २५ अंशांना ३५ पीएसआय हवा भरली आणि दुपारी टायरमधली हवा ५० अंशांवर गेली, तर दाब सुमारे ४ पीएसआयने वाढतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा सकाळी दोन-तीन पीएसआय कमीच भरावी.

काट्यांचे काय?

खान्देशात वेळेचा सर्वात मोठा शत्रू वजन नसून पंक्चर आहे. बाभळीचा लांब काटा टायर आणि ट्यूब दोन्ही भेदतो. बांधावरच्या बोरी, वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर वाळून टणक झालेले सराटे, हे सगळे शेतरस्त्यावर पसरलेले असते. सराट्याचे एक टोक नेहमी वरच असते.

सराईत हाताला ट्यूब बदलायला १५ मिनिटे लागतात, म्हणजे ९०० सेकंद. हलक्या चाकांनी एका घाटात ११ सेकंद वाचवले. एका पंक्चरची भरपाई करायला तसे ८० घाट चढावे लागतील.

ब्रेव्हे चालवणाऱ्यांना याचे मोल अधिक कळते. २०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन परत येण्याइतक्या किंवा थोड्या अधिक अंतराला, साडेतेरा तासांची मुदत असते. सायकल स्वतःच दुरुस्त करायची असते. दोन पंक्चर झाली तरी अर्धा तास जातो.

त्यावर उपाय ट्यूबलेसचा. टायरमध्ये ट्यूबऐवजी सीलंट नावाचे पातळ द्रव्य घालतात. काटा रुतला की बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर सीलंट छिद्रात जाऊन गोठते. छिद्र सापडले तर चाक फिरवून ते खाली आणावे, म्हणजे सीलंट तिथे साचते. मोठ्या छिद्रासाठी रबरी प्लग जवळ ठेवावा.

यात वजनही कमी होते. ४० मिमी टायरची साधी ट्यूब १५० ते २०० ग्रॅमची असते. तिच्या जागी ६० ते ९० मिलिलिटर सीलंट जाते. दोन्ही चाकांत मिळून दीड-दोनशे ग्रॅम सहज कमी होतात, आणि तेही चाकाच्या सर्वात बाहेरच्या कडेला. मात्र उन्हात सीलंट लवकर वाळते. इतरत्र ते दोन-तीन महिने टिकते. इथे मार्च ते जून दर महिन्याला तपासावे.

चाके घ्यायचीच असतील तर काय पाहावे?

आतील रुंदी : ४० मिमीच्या आसपासच्या टायरसाठी रिमची आतील रुंदी २१ ते २५ मिमी असावी. रिम रुंद झाली की टायरही एक-दोन मिमी फुगतो. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते का, ते मोजावे. पेरणीच्या दिवसांत काळी माती टायरला चिकटते, तेव्हा ही जागा नसेल तर चाक फिरायचेच थांबते. आणि त्या चिखलाच्या वजनापुढे वाचवलेल्या ग्रॅमला अर्थ राहत नाही.

व्यास : टायरवर ‘४०-६२२’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो त्या व्यासाचा. ७००सी चाकाचा व्यास ६२२ मिमी, तर ६५०बीचा ५८४ मिमी. हे दोन प्रकार एकमेकांना चालत नाहीत.

वापराचा वर्ग : अमेरिकन मानकांनुसार वर्ग १ ची चाके फक्त पक्क्या रस्त्यासाठी असतात. वर्ग २ ची चाके कच्च्या रस्त्यासाठी आणि १५ सेंमीपर्यंतच्या उडीसाठी असतात. ग्रॅव्हलला किमान वर्ग २ हवाच. अतिहलकी रोड चाके स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजनाची कमाल मर्यादाही वाचावी.

हुकलेस रिम : अनेक कार्बन रिमना टायर अडवणारी आतली कड नसते. त्यांत दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते आणि त्याला मान्यता असलेलेच टायर बसवायचे असतात. रस्त्यासाठी अरुंद टायर घालणाऱ्यांनी हे विसरू नये.

जोडणी : पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ मिमी अ‍ॅक्सल, रोटर बसवण्याची पद्धत आणि कॅसेटचा प्रकार, हे तिन्ही आपल्या सायकलशी जुळायला हवेत.

आरे आणि दुरुस्ती : आरे २४ असले तर वजन थोडे वाचते. २८ असले तर एक तुटल्यावरही चाक घरापर्यंत आणते. टोकाला वाकवलेले जे-बेंड आरे मिळवणे सरळ आऱ्यांपेक्षा सोपे असते. पैसे देण्याआधी गावातल्या मेकॅनिकला दोन गोष्टी विचाराव्यात : या मापाचा आरा मिळेल का आणि या चाकाचा आऊट काढता येईल का? अ‍ॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली तर बहुधा वाकते आणि पुष्कळदा सरळही करता येते. कार्बन तडकले तर रिमच बदलावी लागते.

कार्बन चाके मग कोणी घ्यावीत?

शर्यतीत उतरणाऱ्यांनी, सातपुड्याच्या पायथ्याला वारंवार चढ-उतार करणाऱ्यांनी किंवा ज्यांचे टायर, हवा आणि ट्यूबलेस ही तिन्ही कामे आधीच झाली आहेत त्यांनी. हलके चाक नाल्यातून वर येताना आणि वळणावरून निघताना चपळ वाटते. तो अनुभव खोटा नाही. फक्त घड्याळात तो फारसा दिसत नाही.

बाकीच्यांसाठी क्रम सोपा आहे. आधी चांगले टायर, टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट. या सगळ्याचा खर्च साधारण १० ते १५ हजारांत बसतो. त्यानंतरही पैसे उरले तर २८ आऱ्यांची, १,७०० ग्रॅमच्या आसपासची अ‍ॅल्युमिनियम जोडी. जुनी चाके विकू नयेत. त्यांवर अरुंद टायर चढवले की महामार्गासाठी दुसरी जोडी तयार होते, आणि शेतरस्त्याची जोडी काट्यांशी झुंजायला मोकळी राहते.