माळ्यावरचा मिग

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 विमानांना निरोप दिला गेला आणि आम्हाला माळ्यावरचा खोका आठवला. मरहूम अब्बांनी कुवेतहून आणलेला 1/72 मापाचा मिग. म्हणजे सहा फुटी वैमानिक जेमतेम एका इंचाचा! आमच्या शाळेच्या दिवसांत तो अर्धाच जोडून राहिला. डाव्या पंखाच्या सांध्यावर, वाळलेल्या गोंदात, अब्बांच्या बोटाचा ठसा अजून आहे.

या वेळी एअरब्रश घेतला. रंग दुधाइतका पातळ, दाब 15 ते 20 पीएसआय, हे ऐकायला सोपं. पहिल्याच फवाऱ्यात रंगासोबत पाण्याचे थेंब उडाले, ओघळ थेट डाव्या पंखावर. रत्नागिरीची दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली की तिच्यातलं पाणी नळीत उतरतं. ते अडवणारा फिल्टर आम्ही पैसे वाचवायला घेतलाच नव्हता. थिनरने पुसावं तर गोंद सुटायची भीती. शेवटी बारीक पॉलिश पेपर भिजवून ठशाभोवतीचा रंग तेवढा घासला. दोन संध्याकाळी गेल्या.

आता फिल्टर आलाय. मगरिबनंतर जुन्या डब्याच्या झाकणांवर हात बसवतो. धाकटी शेजारी उभी राहून ओरडते, "अब्बू, लांबून मारा!" झाकणं संपली की पंखाची पाळी.