पक्क्या भिंतीचे गणित आणि परांचीचा भरवसा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि बांधकाम मजुरांसाठीचा १९९६चा स्वतंत्र कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. जुन्या कायद्यात स्वतःचे राहते घर बांधणाऱ्या व्यक्तीला १० लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती. नव्या संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. महानगरांत या बदलाची फारशी दखल घेतली जाणार नाही. पण धाराशिव जिल्ह्यात, जेथे खेड्यातले दुमजली घरही सहसा या रकमेच्या आत उभे राहते, तेथे परांची कोणी बांधली आणि सेंटरिंगला टेकू कोणत्या हिशेबाने दिले, हे विचारण्याचा कायद्याचा अधिकार बहुतेक घरांच्या उंबऱ्यावरच संपतो. बांधकामशास्त्राची किंमत हजारो जिवांनी मोजलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला हे यावे, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही.

परांची म्हणजे माणसे, साहित्य आणि अवजारे उंचीवर पेलणारी तात्पुरती रचना, तर सेंटरिंग म्हणजे ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याचे वजन झेलणारा साचा आणि त्याखालचे टेकू. दोन्ही रचना काही दिवसांच्या असल्या तरी त्यांच्यावरचा भार पुरेपूर खरा असतो. कोणत्या रचनेला अभियंत्याचा आराखडा आणि आकडेमोड हवी, याचे जगभरचे तत्त्व साधारण एकच आहे: खांबांमधील अंतर, उंची आणि भिंतीशी असलेले बंध मान्य प्रमाणित मांडणीत बसत असतील, तर स्वतंत्र गणिताची गरज नाही, त्या चौकटीबाहेर पाऊल पडले, की गणित अनिवार्य. ब्रिटनच्या २००५च्या नियमांत हेच तत्त्व आहे. अमेरिकेत नळ्या व कपलरची परांची १२५ फुटांपेक्षा उंच असेल, तर नोंदणीकृत अभियंत्याने तिचा आराखडा करावा लागतो आणि उंची कितीही असली, तरी परांचीने स्वतःचे वजन अधिक अपेक्षित भाराच्या चौपट भार पेलला पाहिजे, असे बंधन आहे.

भारतातही कागद कमी नव्हते. पोलादी परांचीचे मानक १९६४ मध्ये आले, नळ्यांच्या परांचीची संहिता १९६७ मध्ये, आणि परांचीच्या सुरक्षेच्या संहितेची सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याच्या खेड्यांत मात्र या साऱ्या काळात काही बदलले नाही; घरे दगडमातीची आणि बुटकी होती, आणि गवंड्याचा अंदाज हाच आराखडा होता.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या अंदाजाचा पाया हादरला. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली; उस्मानाबादच्या बाजूला सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते, आणि माळवदावरील मातीचे ओझे त्यांच्या माथ्यावर होते. हादऱ्याने थर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे काम घरमालकांच्याच हाती देण्यात आले.

त्या दशकाचे खरे वैभव नव्या वसाहतींपेक्षा या दुरुस्तीच्या कामात होते. जुनी भिंत मजबूत करायची, तर तिला ठरावीक अंतरावर भोके पाडून थरांना जोडणारे आरपार बंध घालावे लागत, माळवदावरील माती कमी करावी लागे, वरच्या कडेला सळईचा पट्टा फिरवावा लागे. आणि हे करताना छताचे वजन भिंतीवरून उतरवून टेकूंवर घ्यावे लागे. टेकू कोठे द्यायचा, किती भोके एका वेळी पाडायची, तुळई कोणत्या टप्प्याला मोकळी करायची, हा तात्पुरत्या आधाराचा अस्सल अभियांत्रिकी प्रश्न उमरगा-लोहाऱ्याच्या अंगणांत प्रथमच मोठ्याने विचारला गेला. गावोगावी नेमलेल्या संवाद सहायक स्त्रियांनी अभियंत्याची भाषा घरमालकापर्यंत आणि घरमालकाची अडचण अभियंत्यापर्यंत नेली, आणि ज्यांना बांधकामात कोणी मत विचारले नव्हते, त्या बाया पट्ट्यातील सळया मोजू लागल्या.

त्या शिकवणीत एक मोठी उणीव राहिली आणि तिची जबाबदारी धोरण आखणाऱ्यांवर आहे. १९९३ मध्येच भूकंपरोधक बांधकामाची आणि दुरुस्तीची भारतीय मानके आली, अनुदानाचे हप्ते पट्टा, बंध आणि पाया पाहून सुटू लागले. पण ज्या टेकूंच्या आधाराने हे काम होत होते, त्यांची तपासणी हप्त्याच्या अटीत कधी आली नाही. टिकणाऱ्या वस्तूला गणित आणि उतरवल्या जाणाऱ्या वस्तूला अंदाज, अशी वाटणी त्या दशकात रूढ झाली. कार्यक्रम संपला, संवाद सहायकांची साखळी विरली आणि पट्ट्याची सवय जेमतेम उरली. टेकूंच्या बाबतीत तर सवय लागलीच नव्हती.

दरम्यान १९९६चा कायदा, त्याखालील १९९८चे केंद्रीय नियम आणि २००७चे महाराष्ट्राचे नियम आले. १० लाखांची मर्यादा सुरुवातीला खेड्यातले जवळजवळ प्रत्येक घर वगळणारी होती. मात्र महागाई वाढत गेली, तसतशी तुळजापूर, उमरगा, धाराशिव शहरांतील घरे हळूहळू तिच्यापलीकडे जाऊ लागली. हा रुंदावत चाललेला दरवाजा नव्या संहितेने पुन्हा लोटून घेतला आहे. सोलापूर-हैदराबाद किंवा सोलापूर-धुळे महामार्गावरील पुलासाठी साच्याचा व आधारांचा आराखडा अभियंत्यापुढे ठेवावा लागतो, कारण भारतीय रस्ते महासभेची (इंडियन रोड्स काँग्रेस) त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. त्याच महामार्गालगतच्या गावात घराचा स्लॅब भरताना मात्र एक रेघही कोणी ओढत नाही.

ही रेघ किती सोपी आहे, हे एका टेकूच्या हिशेबावरून दिसते. पाच इंची स्लॅबचे ओले काँक्रीट चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. त्यात प्लाय, माणसे आणि घमेली धरली, की एक-एक मीटरवर उभ्या केलेल्या प्रत्येक बल्लीवर अदमासे ५०० किलो येतात. ती बल्ली एका आडव्या विटेवर टेकवली, तर विटेखालच्या मातीवर चौरस मीटरला जवळपास २० टनांचा दाब पडतो, आणि अवकाळी पावसाने मऊ झालेली काळी माती याच्या निम्मा दाबही भरवशाने पेलत नाही. विटेऐवजी मुरमावर रुंद फळी टाकली, की हा दाब कित्येक पटींनी उतरतो. बल्लीला मध्यावर आडवे व तिरपे बंध नसतील, तर तिची मोकळी लांबी दुप्पट होते आणि वाकून मोडण्यापूर्वी ती पेलू शकणारा भार एक चतुर्थांशावर येतो. ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलेला हा नियम निलगिरीच्या बल्लीलाही लागू आहे.

म्हणून खर्चाची मर्यादा हा या प्रश्नाचा निकष होऊच शकत नाही. माती, उंची, भार आणि बंध हे निकष आहेत, आणि त्यांना घराची किंमत ठाऊक नसते. एकमजली घराच्या टेकूंसाठी तालुक्याच्या मातीला साजेशी एक प्रमाणित मांडणी प्रसिद्ध करावी. उंच स्लॅब, बाहेर झेपावणारी गच्ची, भरावावरचे टेकू किंवा जाळीने झाकलेली उंच परांची असेल, तेथे अभियंत्याच्या सहीचा आराखडा बांधकाम परवानगीलाच जोडावा. आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी ती मांडणी तपासणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती गावोगावी पुन्हा नेमाव्यात. संवाद सहायकांच्या रूपाने हे या जिल्ह्याने एकदा करून दाखवले आहे. भूकंपाने दिलेले ज्ञान भिंतीपाशी थांबवणे ही त्या आठ हजार मृतांशी प्रतारणा आहे, आणि ती दुरुस्त करण्यासाठी नव्या आपत्तीची वाट पाहण्याचे कोणतेही कारण नाही.