कर्जतचा बँकर

पुण्याकडे निघालेली एक्स्प्रेस कर्जतला थांबते, शेवटच्या डब्याला मागून इंजिन जोडल्याचा हलका धक्का बसतो आणि दिवाडकरांचा वडा घ्यायला उतरलेले प्रवासी 'बँकर लागला' म्हणत लगबगीने डब्यात चढतात. पैशांच्या बँकेशी या इंजिनांचा काही संबंध नाही. इंग्रजीत मातीच्या उंचवट्याला बँक म्हणतात, नदीकाठालाही. ती पैशांची बँक आली इटलीतल्या सराफांच्या बाकावरून. ब्रिटिश रेल्वेवाले चढणीलाच बँक म्हणत, म्हणून चढणीवर गाडी मागून रेटणारं इंजिन झालं बँकर. आपण शाळेत एकच अर्थ शिकतो, त्यामुळे कर्जतचा शब्द नवख्याला अपभ्रंश वाटतो. तो अपभ्रंश नाही. इंग्रजीतला अस्सल अर्थच इथे टिकला आहे, आणि तो टिकवला कर्जतपुढच्या बोरघाटाने.

1863 साली सुरू झालेल्या या घाटमार्गावर दर 37 मीटरला 1 मीटर चढ आहे. सगळी इंजिनं पुढेच जोडली, तर साऱ्या गाडीचा ताण पुढच्या कपलिंगवर येतो; ते तुटलं तर डबे उतारावरून मागे सुटतील. म्हणून मागून रेटा. कर्जतशेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला, रेल्वे त्याही आधी, 1856 मध्ये पोचली; पण ती घाटाच्या पायथ्याशीच संपते. तिथल्या लोकलला बँकर लागत नाही.

'हा तर रेल्वेचा कामापुरता शब्द, त्याला मराठी कशाला म्हणायचं?' असं कोणी म्हणेल. पण तो रेल्वेपुरता राहिलेला नाही. फलाटावरचे विक्रेते आणि रोजचे प्रवासी तो वापरतात, आणि 'लागला', 'सुटला' ही क्रियापदं त्याला मराठीनेच दिली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 'मागचं इंजिन' असं सरळ का म्हणू नये? कारण अर्थ जागेत नाही, कामात आहे. पुशपुल गाडीला मागे इंजिन असतंच, पण त्याला कोणी बँकर म्हणत नाही. घाटापुरता जोडला जातो आणि वर पोचल्यावर सुटतो, तो बँकर. 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरविना चढते. अशा गाड्या वाढतील तसा हा शब्द कानावर कमी पडेल. मराठी कोशकारांनी तो या अर्थासह, कर्जतचं नाव देऊन, आत्ताच नोंदवून ठेवावा.